सासूबाईंचे गुडघे

हेमाली राऊत लग्न होऊन बोळिंजच्या वाडीतल्या घरात आली तेव्हा तिच्या बॅगेत साड्यांखाली एक रुंद, जाड चामड्याचा पट्टा होता. सासूबाईंनी, म्हणजे चंद्रकांताबाईंनी, तो उचलून पाहिला.

"हा काय बैलाचा आहे का गं?"

"माझा आहे, आई. वजन उचलताना कमरेला बांधते."

चंद्रकांताबाईंनी तो परत बॅगेत ठेवला आणि वरून साडी ओढली.

लग्नाआधी हेमाली माणिकपूरला कॉन्रॅड सरांच्या जिममध्ये पॉवरलिफ्टिंग करायची. तिचा खास प्रकार स्क्वॉट. पाठीवर लोखंडी रॉड घेऊन खाली बसायचं आणि तसंच उठायचं. सरांनी तिला पहिले काही महिने वजनाच्या प्लेटला हातही लावू दिला नव्हता. "वजन कुणीही घेतं गं," ते म्हणायचे, "खाली कशी बसतेस ते दाखव." ती जिल्ह्यात पहिली आली. राज्य स्पर्धेला नाव गेलं, तेवढ्यात स्वरूपचं स्थळ आलं आणि लग्नाची तारीख स्पर्धेच्याच आठवड्यात पडली.

पुढे मुलगी झाली, खुशी. खुशी शाळेत जायला लागल्यावर हेमाली जवळच्या एका कॉम्प्लेक्सच्या जिममध्ये बायकांना शिकवू लागली. त्याच सुमारास सासरे, भालचंद्रराव, वारले आणि वर्षभरात चंद्रकांताबाईंचे गुडघे गेले. वाडीत चाफा खुडण्यात, पाटाचं पाणी लावण्यात जन्म गेलेली बाई; आता तिला संडासातून उठवायलाही हेमाली लागायची. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची घाई नको, आधी मांड्यांत ताकद आणा.

हेमालीनं मनावर घेतलं. मागच्या खोलीत खुर्ची ठेवली.

"बसायचं नाही, आई. फक्त टेकायचं आणि उठायचं. पाय खांद्यांइतके फाकवा. बोटं थोडी बाहेर."

"अगं, पडेन मी."

"मी मागे उभी आहे. टाचा जमिनीला चिकटलेल्या राहू देत. गुडघे आत येतायत बघा, पायाच्या बोटांच्या दिशेनं न्या. छाती वर."

खुर्चीनंतर स्टूल आलं, मग तेही गेलं. मग हेमालीनं जिममधून सगळ्यात हलका रॉड आणला. तो मानेच्या हाडावर नाही, त्याच्या खाली पाठीच्या मांसावर कसा ठेवायचा, खाली जाण्याआधी पोटात श्वास भरून कसा धरायचा, उठताना ढुंगण आधी वर न नेता छाती आणि कंबर एकदम कशी उचलायची, सगळं शिकवलं. चंद्रकांताबाईंची एकच अट होती: खिडकी लावून घ्यायची. शेजारच्या बायकांनी बघता कामा नये.

रोज सकाळी त्या दोघी तिथे असायच्या. त्या वेळात चंद्रकांताबाई खूप बोलायच्या. माहेरचं, नवऱ्याचं, पाडून टाकलेल्या जुन्या विहिरीचं. हेमालीला वाटायचं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच आपण या घरातल्या झालो.

पुढच्या नवरात्रात चंद्रकांताबाई जीवदानीच्या पायऱ्या चढून गेल्या. खाली उतरल्यावर त्यांच्या नणंदेनं विचारलं, "वहिनी, गुडघ्यांना काय केलंत?"

"देवीची कृपा. आणि गरम तेल चोळते."

हेमाली शेजारीच प्रसादाची पिशवी धरून उभी होती.

मग एक दिवस कॉन्रॅड सरांचा फोन आला. नाशिकला राज्य स्पर्धा होती आणि टीममध्ये एक जागा होती. "अजून उशीर झालेला नाही," ते म्हणाले. हेमाली पुन्हा माणिकपूरला जाऊ लागली. स्वरूपनं हरकत घेतली नाही. चंद्रकांताबाईंनी घेतली.

"पाठीवर लोखंड घेऊन सगळ्यांसमोर बसायचं नि उठायचं, तेही त्या घट्ट कपड्यांत. आपल्यात शोभतं का हे?"

"आई, तुम्ही रोज तेच करता."

"मी दार लावून करते."

निघायच्या दिवशी सकाळी चंद्रकांताबाई बिछान्यातून उठल्याच नाहीत. गुडघा अडकला, वाकत नाही, म्हणाल्या. हेमालीनं हात लावताच कळवळल्या. स्वरूप बूट घालता घालता म्हणाला, "मला रजा नाही. तू आज कशी जाणार?"

तिनं सरांना फोन केला. "सर, मला नाही जमणार."

"बरं," सर एवढंच म्हणाले.

दुपारी ती मलम आणायला मेडिकलमध्ये गेली आणि येताना जवळ पडतं म्हणून वाडीतून आली. केळींच्या पलीकडे चंद्रकांताबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. पुढ्यात शेणखताचं पोतं होतं. त्यांनी पाय फाकवले, श्वास भरला, टाचा रोवून सरळ खाली बसल्या आणि पोतं छातीशी धरून उठल्या. गुडघे तसूभरही आत आले नाहीत. क्षणभर हेमालीला बरं वाटलं. मग हातातलं मलम जड झालं.

"सुटला वाटतं गुडघा."

चंद्रकांताबाईंनी पोतं खाली ठेवलं. पण मागे वळल्या नाहीत.

"आज नाशिक, उद्या दिल्ली," त्या म्हणाल्या. "मग सकाळी माझ्याजवळ कोण बसणार होतं?"

"मला तसं सांगायचंत."

"सांगितलं असतं तर थांबली असतीस?"

"नाही," हेमाली म्हणाली.

संध्याकाळी तिनं स्वरूपला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे ना. म्हातारी माणसं अशीच असतात. पुढच्या वर्षी जा." सासूच्या खोटेपणापेक्षा तिला हेच जास्त लागलं.

त्यानंतर ती मागच्या खोलीत गेली नाही. चंद्रकांताबाईंनी दोन-तीनदा दारातून विचारलं, "येतेस का?" प्रत्येक वेळी तिला काम होतं. मग त्या एकट्याच करू लागल्या. एकदा दाराच्या फटीतून हेमालीला दिसलं: टाचा उचलल्या जात होत्या, गुडघे एकमेकांकडे झुकत होते, पाठीला बाक आला होता. आत जाऊन एक शब्द बोलली असती तर पुरलं असतं. तिनं दारावर हात ठेवला. मग काढला आणि खुशीचा डबा भरायला गेली.

पावसाळ्यापर्यंत गुडघे पुन्हा सुजले. नणंद भेटायला आली तेव्हा चंद्रकांताबाई तिला म्हणाल्या, "सुनेनं नको त्या उठाबशा काढायला लावल्या. त्यांनीच पाय गेले माझे." हेमालीनं चहाचा ट्रे ठेवला. तिनं खोडून काढलं नाही. शिकवणं तिचंच होतं आणि बघून न बघितल्यासारखं करणंही तिचंच.

पुढच्या वर्षी ती कुणाला न विचारता स्पर्धेला गेली. मधल्या वर्षात सराव तुटक झाला होता. शेवटच्या खेपेला ती वजन घेऊन उठली, पण पंचांनी लिफ्ट बाद केली. मांडी पुरेशी खाली गेली नव्हती. सर म्हणाले, "पंच बरोबर आहेत." तिलाही ते माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना खुशीनं विचारलं, "मम्मी, तुझ्या गटात किती जणी होत्या?"

"सहा."

"आणि तू?"

"पाचवी."

स्वरूप हसला. वाईट मनानं हसला नसेल. चंद्रकांताबाईंनी मान वर केली नाही. हेमालीनं सगळ्यांना भात वाढला आणि स्वतःचं ताट घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसली.