विळीवाल्या काकांच्या अटी व नियम

"बसा आणि कापून दाखवा."

गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की काका एवढंच म्हणत. पायाने एक विळी पुढे सरकवत आणि हातात काकडी देत. विळी विकत घ्यायला आलेल्या बाईने आधी जमिनीवर बसून ती काकडी चिरून दाखवायची. बैठक आणि हात काकांच्या मनास आले, तर विळी मिळे. नाहीतर उरलेली काकडी पदरात टाकून ते म्हणत, "घरी सराव करा. या पुन्हा."

खोटं वाटेल तुम्हांला, पण एका न्यायाधीशांच्या पत्नीला त्यांनी सात वेळा परत पाठवलं. आठव्या वेळी काका "ठीक" म्हणाले, तेव्हा बाईंनी अख्ख्या रविवार पेठेत पेढे वाटले. यजमानांच्या बढतीला वाटले नव्हते इतके. मी स्वतः चार खाल्ले, म्हणून सांगतो.

माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या समोर. आधार, पासपोर्ट, सगळे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील, अशी पाटी आहे. बावीस वर्षं काकांनी मला नावाने हाक मारली नाही. "अहो झेरॉक्स, जरा येता का? की आपण कामात असल्यासारखं दाखवताय?" असं.

त्या दिवशी असंच बोलावलं आणि स्टूल पुढे केलं. काकांनी स्टूल दिलं म्हणजे प्रकरण गंभीर. काकांचं दुकान होतं ती इमारत पाडायची ठरली होती. दिवाळीनंतर दुकान रिकामं करायचं. लोणी काळभोरला एका ओळखीच्यांची शेड मिळत होती. धार लावायचं चाक, ऐरण, सगळं मावलं असतं. पण विळ्या खपल्या तरच शेडला अर्थ. नाहीतर कात्रजला मुलीकडे जायचं आणि नुसतं बसायचं.

"आणि मला बसता येत नाही," काका म्हणाले. "विळी पुढ्यात नसेल तर."

पुण्यात विळी आता कोण घेतं? सगळा स्वयंपाक ओट्याशी उभ्याने. विळीची आठवण येते ती परदेशात गेलेल्या मुलींना. त्या मेल पाठवायच्या, फोटो मागायच्या, पण तिकडून पैसे द्यायचे तर क्रेडिट कार्डच. म्हणून मी काकांची वेबसाइट बनवली. देखणी! तिच्यावरचा विळीचा फोटो बघून माझ्या मॉनिटरला चरा पडला. राहिलं होतं एवढंच, की कार्डाचे पैसे घेणाऱ्या कंपनीने आपल्याला पास करायचं.

कंपनीने पॅन मागितलं, चालू खात्याचा रद्द केलेला चेक मागितला. दिला. मग म्हणाली, साइटवर अटी व नियम हवेत. काकांनी ते कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला स्वहस्ते लिहिले:

'पैसे भरले म्हणजे विळी मिळेलच असे नाही. आधी व्हिडिओवर कापून दाखवावे. न जमल्यास पैसे परत मिळतील, विळी मिळणार नाही. घासाघीस करू नये. फोन दुपारी एक ते चार करू नये. नंतरही कामाशिवाय करू नये.'

मी ते इमानाने चढवलं. आठवड्याने अर्ज नामंजूर. पुन्हा भरला, पुन्हा नामंजूर. तिसऱ्यांदा कंपनीतून एका बाईंचा फोन आला. अमरावतीकडच्या असाव्यात, आवाजात माया होती. मी फोन स्पीकरवर टाकला.

"काकाजी, पैसे घेता अन् माल देईन का नाही ते मंग सांगीन म्हणता. असं कसं चालन?"

"माझं चाललंय की चाळीस वर्षं."

"तेवढी एक ओळ काढून टाका ना. मी आजच पास करते."

"आपल्याला विळी येते का?"

"लहानपणापासून येते, काकाजी."

"मग आपल्यासाठी काढतो. बाकीच्यांचं काय?"

बाई खळखळून हसल्या आणि अर्ज नामंजूर केला.

मी चिडलो. म्हटलं, "काका, एका ओळीपायी शेड घालवताय! कोण बघतंय तिकडे कशी बसते नि कशी चिरते?"

काका कानस घासत राहिले. मग म्हणाले, "एकदा न बघता दिली होती. मागच्या वाड्यातल्या देशपांडीणबाईंच्या सुनेला. नवीन लग्न झालेलं, लाजत होती, म्हणून म्हटलं असू दे." कानस थांबली. "उजवा अंगठा गेला. गणपतीत हळदीकुंकवाला यायची आमच्याकडे. करंगळीशेजारच्या बोटाने कुंकू लावतात म्हणून बरं."

मी उठून माझ्या दुकानात परतलो. 

पण त्याच संध्याकाळी मी काय केलं, ते तुम्हांला सांगतो, आळीत सांगू नका. काकांच्या अटी गुपचूप काढल्या आणि दुसऱ्या एका साइटवरच्या गुळगुळीत अटी उचलून तिथे चिकटवल्या. दोन दिवसांत अर्ज पास! चौथ्या दिवशी ऑर्डर, थेट कॅलिफोर्नियाहून, पैसे भरलेले. काकांनी त्या विळीला अशी धार लावली, की दुकानासमोरून जाणाऱ्या माणसांच्या सावल्या दुभंगत होत्या.

मग म्हणाले, "लावा व्हिडिओ."

मी टाळलं. ते ऐकेनात. लावला. पलीकडे गोड चेहऱ्याची बाई. म्हणाली, "काका, कापायचं कशाला? मला ती हॉलमध्ये भिंतीवर लावायचीय. आजीची आठवण म्हणून."

काकांनी तिला नमस्कार केला. माझ्याकडे वळून म्हणाले, "पैसे परत पाठवा."

दुसरी ऑर्डर भेट द्यायला होती. ज्यांना द्यायची त्यांना विळी म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. परत. तिसरीचे गुडघे दुखत होते, ती विळी टेबलावर ठेवून उभ्याने चिरणार होती. परत. तीन ऑर्डरी, तीन परतावे. कंपनीने खातं बंद केलं. कारण विचारायला मी अकरा मेल पाठवले. अकराही वेळा यंत्राने आभार मानले.

मग मी काकांना सगळं कबूल केलं.

"म्हणजे माझं काढून दुसरंच चढवलंत?" ते म्हणाले. "झेरॉक्सचं दुकान आपलं. एवढं जसंच्या तसं नाही जमलं?"

एवढंच. याहून जास्त बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

दिवाळी झाली. चाक आणि ऐरण भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवताना काका मदतीला आले नाहीत, समोर माझ्या दुकानात पाठ करून उभे राहिले. नंतर मुलीकडे कात्रजला गेले.

दीड महिन्याने त्यांचा फोन आला. दुपारी दोन वाजता!

"झेरॉक्स, इथल्या सोसायटीत अठ्ठावीस घरं आहेत. सगळ्यांच्या सुऱ्यांना कानशीने धार लावून झाली. कात्र्या झाल्या, किसण्या झाल्या. आता काय करू?"

"थांबा की, काका. होतील हळूहळू बोथट."

"होतील," काका म्हणाले. "मला तेवढे दिवस आहेत का, ते बघा."

मी मोठ्याने हसलो. ते हसले नाहीत.

काकांच्या तेराव्याला गेलो होतो. सोसायटीतल्या बायका आपापल्या सुऱ्या घेऊन स्वयंपाकाला आल्या होत्या. टोपलीभर भोपळा चिरायचा होता. मी दाराशी उभा राहून बघत होतो. एकीलाही जोर लावावा लागत नव्हता.