चार तासांच्या आत

माझ्या मावशीसमोर कोणी "अंदाजे" म्हटलं की तिचं डोकं फिरतं. किती वाजले विचारल्यावर "साधारण सव्वापाच" म्हणालात, तर मेलात. बाई जन्मभर एका कचेरीत टायपिस्ट होती आणि शहराच्या मॅरेथॉनच्या निकालाची यादी तिने सव्वीस वर्षं केली. तीही फुकट, वर घरचा डबा खाऊन.

तेव्हा बुटाला वेळ मोजणारी चिप लावायची सोय नव्हती. शेवटच्या रेषेवर एकजण घड्याळ बघून प्रत्येकाची वेळ ओरडायचा आणि मावशी ती एकाखाली एक लिहायची. पुढे दोन्ही बाजूंनी दोरी लावलेली अरुंद वाट असायची. धावणारे त्यातून ओळीने जायचे आणि टोकाला त्यांच्या छातीवरचा नंबर काढून तारेत ओवला जायचा. संध्याकाळी पहिल्या वेळेपुढे पहिला नंबर, दुसरीपुढे दुसरा, अशी जोडणी करायची. चार तासांच्या आत आलेल्यांचीच नावं निकालात छापायची, असा नियम होता.

यंदा मॅरेथॉनला पन्नास वर्षं झाली म्हणून इतिहासाचं पुस्तक निघतंय. जुने निकाल तपासायचं काम अर्थातच मावशीकडे आलं आणि ते वाचून दाखवायचं माझ्या गळ्यात पडलं, कारण तिला आता बारीक अक्षर दिसत नाही. तीन आठवडे आम्ही तिच्या जेवणाच्या टेबलावर बसलो. मी जांभई दिली की ती पेन्सिल आपटायची.

बाराव्या वर्षाच्या पाकिटात एक फोटो निघाला. रेषा ओलांडणारी एक बाई आणि तिच्या डोक्यावर टांगलेलं मोठं घड्याळ. तीन तास, एकोणसाठ मिनिटं, अठ्ठेचाळीस सेकंद. छातीवर नंबर २१७.

"यादीत बघ," मावशी म्हणाली.

यादीत २१७ पुढे चार तास सहा सेकंद होते. म्हणजे बाद.

"घड्याळ बिघडलं असेल," मी म्हटलं. मला भूक लागली होती.

मावशीने चष्मा काढला. "त्या वर्षी नंबर भरले चारशे बारा, आणि वेळा चारशे अकरा. शेवटचा माणूस लंगडत आला तेव्हा मी कागद आवरत होते. मला वाटलं, त्याचीच राहिली. मग दिली त्याला एक वेळ."

"दिली म्हणजे?"

"अंदाजे," ती म्हणाली. मला हसू आलं होतं, पण तिचा चेहरा बघून मी ते दाबलं.

राहिलेली वेळ शेवटच्याची नव्हतीच. वर कुठेतरी गर्दीत एक वेळ लिहायची निसटली होती आणि तिथून खाली प्रत्येकाला त्याच्या मागून येणाऱ्याची वेळ चिकटली होती. बाकीच्यांचे चार-दोन सेकंद गेले. या बाईचं मात्र निकालातून नावच गेलं.

"ती आली होती गं माझ्याकडे," मावशी म्हणाली. "बेकरीत कामाला होती. दुसऱ्या दिवशी कचेरीत आली, हाताला पीठ तसंच. म्हणाली, मी माझ्या डोळ्यांनी घड्याळ बघितलंय. मी तिला म्हटलं, बाई, माझी यादी चुकत नाही."

मावशीने लगेच मॅरेथॉनच्या सेक्रेटरींना फोन लावला. ते समजूत घालायला लागले. "अडतीस वर्षं झाली, मावशी. आता कोण विचारतंय? पुस्तक उद्या छापायला जातंय. उगाच तुमचंच नाव खराब होईल."

"माझ्या नावाचं मी बघते. तुम्ही ते पान थांबवा," असं म्हणून तिने फोन ठेवला. नंतर मीही चिडून म्हटलं, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस? तिने मला कागद घ्यायला लावला आणि चूक कोणाची, कशी झाली, हे त्या पानावर छापायला स्वतःच्या नावासकट सांगून लिहून घेतलं.

बेकरी अजून चालू आहे. तिथून पत्ता मिळाला आणि रविवारी सकाळी आम्ही गेलो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. ती बाई मटार सोलत होती, नवरा पेपर वाचत होता. मॅरेथॉन हा शब्द ऐकताच तो खो खो हसला.

"आमच्या घरात कोणी थाप मारली ना, की आम्ही म्हणतो, हो हो, आणि आई चार तासांच्या आत आली होती! पोरंसुद्धा तेच म्हणतात."

बाई खाली बघून मटार सोलत राहिली.

मावशी बसलीसुद्धा नाही. उभ्यानेच तिने सगळं सांगितलं, एक शब्द इकडेतिकडे न करता, आणि फोटो पुढे केला. तो नवऱ्याने घेतला, खिडकीपाशी नेला, घड्याळावरचे आकडे मोठ्याने वाचले. मग परत एकदा वाचले. परत येऊन बसला तेव्हा त्याला बायकोकडे बघवेना.

"काही वर्षं मी भांडले सगळ्यांशी," बाई हळूच म्हणाली. "मग मलाच वाटायला लागलं, आपण चुकीचं वाचलं असेल. तेव्हापासून काहीही बघितलं तरी मी आधी दुसऱ्या कोणाला तरी विचारते. अजून विचारते."

"तुम्ही बरोबर बघितलं होतं," मावशी म्हणाली, आणि माझी ती करडी मावशी त्या परक्या घरात उभ्याउभ्या रडायला लागली.