चुंबकापासून हातभर लांब

माझा दादा सभागृहांतले मोठे सब-वूफर दुरुस्त करतो. गाण्यातला जो खालचा आवाज कानापेक्षा पोटात जास्त कळतो, तो काढणारे हे अठरा इंची स्पीकर. एकेक उचलताना कंबरेला देव आठवतो. तारेची जळकी कॉइल काढायची, चुंबकातली फट पुसायची, नवी कॉइल आणि तिच्यावरचा कागदी पडदा, म्हणजे कोन, चिकटवायचा. कॉइल फटीत केसभर जरी सरकली, तरी घासते आणि पहिल्याच कार्यक्रमात जळते. दादा दोन्ही हातांची बोटं कोनवर पसरून तो अलगद दाबायचा. घासत असलं तर बोटांनाच कळायचं. त्या बोटांवर त्याचं घर चाललं.

मागच्या वर्षी त्याच्या छातीत पेसमेकर बसवला. देवाच्या कृपेने माणूस वाचला. पण डॉक्टरांनी बजावलं, मोठ्या लोहचुंबकापासून हातभर लांब राहायचं. स्पीकरच्या पाठीला तर ताटाएवढं चुंबक. दोन्ही हात कोनवर ठेवायचे म्हणजे छाती त्याच्यावर आलीच.

काही दिवस तो शहाण्यासारखा वागला. मग एकदा मी आणि वहिनी दुकानात शिरलो, तर स्वारी स्पीकरवर ओणवी.

"अहो! उठा आधी," वहिनी कडाडल्या. "उद्यापासून दुकानाला कुलूप."

"मग घरी बसवून माझं काय लोणचं घालणार आहेस?"

"घालीन. आंबट आहातच."

दादा हसला नाही. "सभागृहवाल्याला शनिवारचा शब्द दिलाय. आणि हे सोडून मला दुसरं येतं काय?"

वहिनींनी खुर्ची उचलून दाराशी ठेवली, त्याला तिथे बसवलं आणि स्वतः टेबलाशी उभ्या राहिल्या. "सांगा."

मी म्हटलं, आता रामायण होणार. झालंच.

"गोंद कमी. अगं, भिंत सारवतेस का?"

"तोंड आवरा, नाहीतर तुम्हालाच चिकटवीन."

दुसऱ्या दिवशी गोंद वाळल्यावर वहिनींनी कोन दाबला. "घासतंय."

"नवा कोन कडकच असतो. घासला असता तर मला इथवर ऐकू आलं असतं."

"आवाज नाहीच. डाव्या अंगाला बोटाला लागतंय."

दादा उठला, टेबलाकडे आला. मी मनात देवाचं नाव घेतलं. हातभर अंतरावर तो थांबला. तिथून एक हात पोचला असता, पण एका हाताने कोन तिरका दबतो आणि काही कळत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक?

"काढ," शेवटी तो म्हणाला.

चांगला नवा कोन कापून काढला. खाली कॉइलवर डाव्या बाजूला गोंदाचा ओघळ वाळून बसला होता.

"या खेपेला मी सांगेन तेवढाच गोंद," दादा म्हणाला.

"तुम्ही सांगितला तेवढाच होता."

शनिवारी सभागृहवाला आला. त्याने सवयीने दादाला विचारलं, "काका, टिकेल ना?"

"मला काय विचारतोस? काकूंना विचार. हात त्यांचा लागलाय."

वहिनींनी दोन्ही हातांची बोटं पसरून कोन पुन्हा एकदा दाबून पाहिला, आणि मग म्हणाल्या, "टिकेल."