अधांतरी हात

"हात टेकू नकोस. भोपळ्याचं पॉलिश जातं."

सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले. मी उजवा हात सतारीच्या भोपळ्यावरून झटक्यात उचलला. "चुकलं, सर," मी म्हणाले.

धाराशिवच्या कॉलेजात माझं हे पहिलं वर्ष. दुष्काळ आहे. बा येरमाळ्याच्या रस्त्यावर खडी फोडतोय. चौदा एप्रिलच्या जयंतीला तो एकतारीवर गातो. तारेचा नाद मला त्याच्याकडून लागला, म्हणून संगीत घेतलं. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. सर सांगतील तीच रीत, असं धरून चालले.

तीन महिने हात हवेत ठेवून वाजवलं. अंगठा दांडीला, बोटात तार छेडायची नखी, कोपर अधांतरी. खांदा भरून यायचा. सतार डाव्या हातानं सावरावी लागायची, मग पडद्यांवर बोटं फिरणार कशी? 'दा'चा बोल लागायचा, 'रा'चा निसटायचा.

सर म्हणायचे, "डफडं बडवणारा हात हा. ह्याला मनगट कुठून यायचं?"

मुली हसायच्या. मान खाली घालून मीही हसायचे. त्याची लाज वाटते.

वर्गातली मुरुम गावची मुलगी एकदा हळूच म्हणाली, "अगं, तू हात का टेकवंना? हाताच्या वजनावरच सतार थांबती की. आमाला पहिल्याच दिवशी सांगितलंय सरांनी."

मग मी बघायला लागले. सगळ्यांचे हात टेकलेले. माझं वाजवून झालं की सर ओल्या फडक्यानं भोपळा पुसायचे. फक्त माझं झालं की. पाण्यानं पॉलिश जात नव्हतं.

आठ दिवस हात हवेतच ठेवला. वर्गातून काढलं तर? विषय गेला, वर्ष गेलं. बाला काय सांगू?

सोमवारी माझी पाळी आली. कोपराखालचा अख्खा हात भोपळ्यावर ठेवला. सतार हलायची थांबली.

"हात उचल."

कॉलेजात मी जपून, पुस्तकातलं बोलते. त्या वेळी घरचंच तोंडात आलं.

"न्हाय उचलणार, सर. समद्यांचा टेकतोय, माझाबी टेकंल."

सरांनी हजेरी मिटली आणि निघून गेले.

उद्या प्राचार्यांनी बोलावलंय. भीती वाटते. लिहितानाही वाटते आहे. पण फडक्याचं सांगणार आहे. माफी मागणार नाही. सतार दिली नाही तर वर्गाच्या दारात बसेन, पण हात हवेत धरून पुन्हा वाजवणार नाही.