बापाच्या डफाचं कातडं

चोपन्न साल. मी एकवीस वर्षांचा होतो आणि बाप जाऊन अजून वर्ष भरलं नव्हतं.

बाप वही म्हणायचा. वही म्हणजे आमच्या खान्देशातलं डफावरचं गाणं. पुढं एक जण म्हणतो, मागं चारपाच जण झील धरतात. माझा बाप पुढचा. धुळ्याच्या खाली पांझरा नदीच्या काठाला आमचं गाव, तिथून पार तापीपर्यंत त्याला बोलावणं असायचं. सुरू करण्याआधी तो अंगठ्यानं डफावर तीन ठोके द्यायचा. एक सुटा, दोन जोडून. मग थांबायचा, खाकरायचा, आणि मग पहिली ओळ. लोक म्हणायचे, खाकरला म्हणजे आता सकाळपर्यंत उठायचं नाही.

आमच्या फडाची एक रीत होती. पुढचा म्हणणारा मेला की त्याचा डफ पाण्यानं भिजवून ढिला करायचा आणि वर्षभर तसाच ठेवायचा. ढिलं कातडं बोलत नाही. माणूस वर्षभर घराच्या आसपास असतो, डफ ऐकला की त्याला वाटतं फड उभा राहिला, आपली वाट बघताहेत, आणि त्याचा पाय निघत नाही. वर्ष भरलं की मुलानं तो डफ जाळावर शेकायचा आणि घ्यायचा.

मला वही येत नव्हती. यावी असंही वाटत नव्हतं. बापाचा मुलगा म्हणून कुणी मान दिलेला मला चालत नसे.

त्या हिवाळ्यात मी कापसाच्या ट्रकवर हमाल म्हणून जळगावला गेलो. गाठी उतरवल्या आणि बाजारात फिरत होतो. भुसावळच्या रेल्वे बंगल्यांतले साहेब सामान विकून देश सोडून चालले होते, त्यांचं किडूकमिडूक तिथं एक म्हातारा पोत्यावर मांडून बसला होता. काचेचे दिवे, बुटांचे साचे, आणि त्यांत हे. ताटलीएवढा गोल लाकडी डफ, त्याला हातभर दांडी, वर चार खुंट्या. कातडं मधोमध फाटलेलं, तारा नाहीतच.

"हे काय, बाबा?"

"सायबाचं वाजं."

"नाव काय याचं?"

"सायब गेला, नाव घेऊन गेला."

"फाटलंय की."

"फाटलंय म्हणून तुझ्या हातात आलंय. धड असतं तर लांबूनच बघितलं असतंस."

धोतरजोडीसाठी ठेवलेले पैसे मी त्याला दिले आणि ते वर्ष जुन्या धोतरावर काढलं. त्या वाद्याला बँजोलेले म्हणतात हे मला फार पुढं धुळ्याच्या एका बँडवाल्यानं सांगितलं. आमच्या घरात ती डफुली.

आता ती उभी कशी करायची? शिकवणारा कोणी नाही. पण माझा स्वभाव असा की येत नाही म्हणून हातातलं खाली ठेवायचं नाही. तारा मी पिंजाऱ्याकडून करून घेतल्या. कापूस पिंजायच्या कमानीला आतड्याची तात असते, तशाच पण बारीक चार ताता त्यानं वळून दिल्या, हसत हसत. तारा ज्यावर टेकतात ती घोडी मी शिसवाच्या तुकड्यातून कोरली. एक खुंटी नव्हती, ती बाभळीची केली. राहिलं कातडं.

कातडं घरात होतं. बापाचा डफ कोनाड्यात होता, भिजवून ढिला केलेला. मी तो पुन्हा भिजवला, कातडं सोडवलं आणि डफुलीच्या मापानं कापलं. मधला भाग घेतला, कारण वाजवून वाजवून तोच चांगला कमावलेला होता. तिथं बापाच्या अंगठ्याचा काळा डाग होता, बोराएवढा. तो बरोबर मध्ये आला. डफुलीच्या कडेला लोखंडी कडं आणि आकडे होते, त्यांचे पेच आवळले की कातडं ताणायचं. मी कातडं ओलं असतानाच सगळे पेच शेवटपर्यंत आवळले. ओलं कातडं सुकलं की आणखी आखडतं, म्हणून थोडं सैल ठेवायचं असतं, हे मला कोण सांगणार? ते सुकलं तेव्हा नखानं टिचकी मारली तरी घरभर आवाज जायचा.

आईनं बघितलं. डाग ओळखला.  ती बाप गेल्यापासून बोलतच नव्हती. रडलीही नव्हती. बापाला उचललं तेव्हा बायांनी तिला हलवलं, चिमटे काढले, तरी नाही.

उन्हाळा लागला. आमच्याकडचा चैत्र म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. दुपारी गल्लीत माणूस नसतं. कावळे चोच उघडी टाकून निंबात बसतात. अशा एका दुपारी मी शेतातून पाणी प्यायला घरी आलो. डफुली खुंटीला होती. आई तिच्या समोर, भिंतीला पाठ लावून बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"माय, काय झालं?"

तिनं बोट ओठावर ठेवलं. "गलका नको करू. ते वनात." वनात म्हणजे आले.

"कोन?"

"तुले आयकू नही येस?"

मी उभा राहिलो. घरात काहीच हलत नव्हतं. आणि मग डफुली वाजली. एक. मग दोन जोडून. हळू, जसं कुणी दुरून अंगठा टेकवतंय.

मी पुढं गेलो. आईनं दळण दळलं होतं, त्या पिठाची बारीक धूळ कातड्यावर बसली होती. ती धूळ डागाभोवती थरथरत होती. मी हात ठेवला. कातडं तव्यासारखं गरम होतं. थरथर थांबली.

उन्हानं कातडं आखडतं, तात ओढली जाते, खुंटी जरा सुटते आणि आवाज होतो. मी आईला हे सांगितलं. तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो. पण एक आणि दोन जोडूनच का, ते मला सांगता येत नाही.

त्यानंतर ते दुपारीच व्हायचं. मी मुद्दाम घरी यायचो. काही दिवशी काहीच नाही, काही दिवशी तेच तीन. आई बोलायला लागली. पण माझ्याशी नाही. मी भाकरी मागितली तर वाढायची, आणि डफुलीकडं वळून म्हणायची, "खाकरत नहीत अजून. घसा बसेल शे वाटते." तिनं भिंतीपाशी पाट मांडला. मग एक दिवस मी आलो तर तिच्या कपाळावर कुंकू होतं.

मी पुसायला सांगितलं.

"कसाले पुसू? ते तठे बठेल शेतस."

"गावानी देखं तर?"

"गावले मी काय देनं लागस का?"

त्याच आठवड्यात तिनं जेवण कमी केलं. आधी रात्रीचं, मग सकाळचं. विचारलं तर शांतपणे म्हणाली, "वरीस भरनं का ते निंघतीन. माले संगे लई जातीन. पोट हलकं बरं." बापाचं वर्ष वैशाखात भरत होतं आणि वैशाख पंधरवड्यावर आला होता. तिचे दंड माझ्या मनगटाएवढे झाले होते, आणि चेहरा असा उजळ की लग्नातली नवरी.

बापामागं झील धरणारे एक म्हातारे होते, आम्ही त्यांना आबा म्हणायचो. ते आले, आईला बघितलं, डफुलीला बघितलं आणि मला ओट्यावर ओढून नेलं.

"हाई कातडं कोनतं?"

"बापाच्या डफाचं."

"आरे, तुनी अक्कल चरायला गयी का? ज्याले निजाडं त्याले उठाडं तू! आत्तेच्या आत्ते पानी टाक त्यावर."

"नही टाकनार."

"का?"

"डफुली मी घेतली, मी उभी केली. भूत म्हणून मी तिच्यावर पाणी टाकणार नाही, आबा. भूत नाहीच तिथं."

"भूत नही म्हनस, मंग भ्यास कसाले?"

"कोन भेतं?"

"तू. डफुलीकडं पाठ करीसन बठेल शेस."

खरंच बसलो होतो. मी उठून तोंड तिच्याकडं केलं, पण पाणी टाकलं नाही. आणि आबा काय म्हणत होते तेही खोटं नव्हतं; पाणी टाकून आवाज थांबला असता, पण आई त्या पाटापाशी तशीच बसून राहिली असती, आवाजाची वाट बघत, उपाशी. तिला वाजणं नको होतं. तिला खाकरणं हवं होतं आणि पुढची ओळ.

म्हणून मी दुसरं केलं.

दुसऱ्या दुपारी शेतात गेलोच नाही. आई बसली होती. मी डफुली खुंटीवरून काढली, पाट सरकवला आणि तिच्या समोर बसलो. ती "ठेव, ठेव" म्हणाली. मी अंगठा बरोबर डागावर ठेवला. एक. दोन जोडून. थांबलो. आई पुढं झुकली. मी खाकरलो आणि बापाची वही म्हणायला लागलो, सीता रानात एकटी राहते ती. लहानपणापासून कानावर पडलेली, पण तोंडातून कधी न काढलेली. सूर कुठं, ताल कुठं. ताता भलत्याच वाजत होत्या.

आईचा चेहरा बदलला. आधी ती घाबरली. मग चिडली.

"आरे असं नही म्हनतस! रेडानी मायक काय वरडस?"

मी म्हणत राहिलो.

"ती वळ आधी नही! आधी हरनीनी वळ शे! तुना बापनी मरेलोंग चुकाडी नही, आन तू त्याना कातडावर बठीसन चुकाडस!"

"मग सांग ना कशी ती."

तिनं सांगितली. नुसती बोलून नाही, म्हणून. तिला वही येते हे मला माहीत नव्हतं. बाया वही म्हणत नाहीत. इतकी वर्षं चुलीपाशी बसून तिनं ती सगळी ऐकली होती. हरिणीची ओळ तिनं बापाच्याच चालीत म्हटली, बापासारखीच शेवटी खाली सोडली, आणि सोडता सोडता तिचा आवाज फाटला. ती रडायला लागली. वर्षाचं रडणं होतं ते. शेजारच्या बाया धावत आल्या.

मी अंगठा कातड्यावरून कधीच उचलला होता. माझे दोन्ही हात मांडीवर होते. त्या रडण्यात, बाया दारात यायच्या आधी, माझ्या पाठीमागं कुणीतरी खाकरलं. मागं भिंत होती.

मी वळून बघितलं नाही. भ्यालो म्हणून नाही. बघायचं नव्हतं.

संध्याकाळी आईनं पेजेची वाटी संपवली आणि कपाळ स्वतःच्या पदरानं पुसलं. मग म्हणाली, "आते निजू दे त्यास्ले." आबांनी सांगितलं तेव्हा मी ऐकलं नव्हतं, आणि त्यांचं ऐकून मी काही केलं असं आजही कुणी म्हणू नये. आईनं सांगितलं म्हणून मी तांब्याभर पाणी आणलं आणि ओंजळीनं कातड्यावर घातलं. कातडं खाली बसत गेलं, पेच सोडले तसं आणखी बसलं. डाग सुरकुतला. पेच सोडताना एक आकडा तुटला. आईनं ते कातडं घडी घालून आपल्या पेटीत, लुगड्यांखाली ठेवलं.

सकाळी मी पहिल्या मोटारीनं धुळ्याला गेलो. ढोलकी मढवणाऱ्याकडून डफुलीसाठी बोकडाचं कोरं कातडं घेतलं, उन्हाकडं धरून त्यात भोक नाही ना ते बघितलं, आणि तुटला होता तसा एक आकडा लोहाराकडून करून घेतला.