चाळीस फेऱ्यांची प्रार्थना

जळलेल्या मोटरी पुन्हा भरून देणं हा मास्तरांचा धंदा. मोटर उघडायची, काळी पडलेली तार ओढून काढायची, नव्या तांब्याच्या तारेची वेटोळी साच्यावर गुंडाळायची आणि एकेक खाचेत बसवायची. वेटोळ्यात किती फेरे आहेत यावर सगळा खेळ. फेरे कमी पडले की मोटर तापते, आणि तापलेली मोटर आठ-दहा दिवसांत पुन्हा जळते. मास्तरांचा फेरा कधी चुकला नाही. म्हणून गल्लीत त्यांचं नाव फेरेमास्तर. खरं नाव फक्त चर्चच्या वहीत होतं.

मोजायची रीत वडिलांची. वडील आकडे म्हणत नसत, प्रभूची प्रार्थना म्हणत. एका लयीत म्हटली की ‘आमेन’ला बरोबर चाळीस फेरे होत. ऐंशी फेऱ्यांना दोन प्रार्थना, एकशेवीसला तीन. मध्येच गिऱ्हाईक बोललं की माणूस आकडा विसरतो, प्रार्थना विसरत नाही, असं ते म्हणत. मास्तरांनी दुकानाबरोबर ही रीतही घेतली. देवही तसाच घेतला. चालू स्थितीत. उघडून बघायची वेळ कधी आली नाही.

देव मानता का, असं कुणी विचारलं तर मास्तर म्हणत, “आमच्यात सगळे चर्चला जातात.” विचारलं काय आणि सांगितलं काय, हे त्यांच्या ध्यानात येत नसे. बायकोच्या यायचं. ती पदर तोंडाला लावून हसायची.

त्या वर्षी तिच्या फुफ्फुसात पाणी झालं. काढलं. पुन्हा झालं. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी मास्तरांना वॉर्डाबाहेर बोलावलं आणि दार लोटून घेतलं. मास्तर परत आत आले तेव्हा तिने काही विचारलं नाही. नुसतं म्हणाली, “अहो, माझ्यासाठी प्रार्थना करा.”

मास्तरांनी डोळे मिटले. “हे आमच्या बापा...”

अर्ध्यावर तिचं हसू ऐकू आलं. हसू कसलं, खोकलाच तो. त्यांनी डोळे उघडले. त्यांचा उजवा हात पलंगाच्या कडेशी गोल गोल फिरत होता.

“माझ्यासाठी प्रार्थना करताय की मोटर भरताय?”

“सवय आहे गं हाताला.”

“हाताची नको. पाठ केलेलीही नको. तुमची करा.”

“मला नाही येत तसलं.”

“सव्वीस वर्षं माझ्याशी भांडताय. तेव्हा कुणी लिहून देतं का?”

शेजारच्या पलंगावरची बाई तोंड फिरवून हसली. मास्तर ओशाळले. “उद्या करतो,” म्हणाले. जणू कुणाची मोटर द्यायची राहिली होती.

उद्या झाला, परवा झाला. रोज ती नजरेनेच विचारायची आणि मास्तर सफरचंद सोलायला घ्यायचे. घरी त्यांनी करून पाहिलं. स्वयंपाकघरात उभे राहिले. तोंड उघडलं की तेच शब्द, वडिलांच्या लयीत, चाळीसाव्या फेऱ्याला संपणारे. आपल्याला देवाशी बोलता येत नाही, हे त्यांना पन्नाशी उलटल्यावर कळलं. कधी बोललोच नव्हतो, हे त्याच्या मागोमाग कळलं. आणि तिच्यापाशी दिवस थोडे होते.

चौथ्या दिवशी सकाळी वॉर्डात बसून ते दुकानावर आले. भेटीची पुढची वेळ पाचची. लॉन्ड्रीवाल्याची मोटर उघडून पडली होती. समोरची शाळा सुटली, गलका झाला. तो ओसरल्यावर मास्तरांनी तार गुंडाळायच्या यंत्राचा दांडा धरला. ‘हे आमच्या’ म्हणायला गेले आणि ‘आमच्या’ हा शब्द तोंडातून निघेना. निघाला तो दुसराच.

“माझ्या बापा,” ते म्हणाले. “ऐक. मी कधी काही मागितलं नाही. मला वाटायचं, मागायचं काम पाळकसाहेबांचं. हिला नेऊ नकोस. ती खोकते ते मला चालतं. टोमणे मारते तेही चालतं. घरी पाठव. नुसती खुर्चीत बसून राहिली तरी चालेल. तू आहेस ना? असशील तर इकडे बघ जरा.”

हात फिरत होता. नाक गळत होतं आणि हात फिरत होता. थांबले तेव्हा किती फेरे झाले ते त्यांना ठाऊक नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी अंदाजाने तार तोडली, वेटोळं बसवलं, दुकान बंद केलं आणि पाचची वाट न बघता चालायला लागले. त्यांना तिला एवढंच सांगायचं होतं, की जमलं.

पलंगाभोवती पडदा ओढलेला होता. सिस्टर म्हणाल्या, “काका, तुम्हाला किती फोन केले.” वॉर्डात आवाज बंद केलेला फोन तसाच शर्टाच्या खिशात होता. शर्ट दुकानातल्या खिळ्याला होता. मास्तर गंजीवर आले होते.

“किती वाजता?”

“तीन वाजून दहा मिनिटांनी.”

शाळा साडेतीनला सुटते.

दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली. सगळ्यांनी सूर धरला. मास्तर ओठ घट्ट मिटून उभे. मेहुणा कानाशी लागला, “दाजी, तोंड तरी हलवा. लोक बघतायत.” मास्तरांनी हलवलं नाही. फेरेमास्तरांनी देवाला सोडलं, असं संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं.

दफनानंतर लॉन्ड्रीवाला मोटर घेऊन गेला होता, बाराव्या दिवशी तीच परत घेऊन आला. हातगाडीवरूनच ओरडत होता, “मास्तर, तुमच्या हातची मोटर आणि इतक्यात जळते? आता हाताने कपडे धुवायला माणसं ठेवू का मी?” मग मास्तरांचा चेहरा बघून तो वरमला. “राहू दे. सावकाश करा.”

मास्तरांनी त्याच्यादेखत मोटर उघडली. एकच वेटोळं आधी जळलं होतं. त्यांनी तार उलगडत फेरे मोजले. एकोणीस कमी.

“मोजताना चुकलो,” मास्तर म्हणाले. “बोलत होतो.”

“कुणाशी?”

मास्तरांनी जळकी तार बाजूला ठेवली. “देवाशी.”

“मग? काय म्हणाला?”

“काही नाही.”

त्यानंतर मास्तर आकडे मोजायला लागले. एक, दोन, तीन, मोठ्याने. काम निम्म्याने मंदावलं. गिऱ्हाईक मध्ये बोललं की पहिल्यापासून. वडील असते तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला असता.

एका सकाळी पाळकसाहेब घरी आले. बरं-वाईट विचारून झालं. मग ते हळूच म्हणाले, “तुमचा विश्वास डळमळलाय असं कानावर आलं.”

“डळमळायला आधी असावा लागतो, साहेब.”

“असं कसं? तुमची तिसरी पिढी आपल्या चर्चमध्ये.”

“पिढी होती. मी नव्हतो.”

“आणि आता?”

मास्तर खिडकीकडे बघत बोलले. “आता सुटका नाही. त्या दुपारी मी जे मागितलं ते तिने ऐकलं नाही. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तो नसेल तर मी भिंतीशी बोललो, संपलं. तो असेल तर निदान एकाला माहीत आहे. मला तो असायलाच हवा, साहेब. मला त्याचा राग येतो. असा राग मला त्याचा कधी आला नव्हता.”

पाळकसाहेबांनी विचारलं, “आपण प्रार्थना करू या?”

“तुम्ही करा. मी माझी करीन.”

पाळकसाहेब गेले. मास्तरांनी दाराला कडी लावली आणि भिंतीशी जमिनीवर बसले. रोज बसतात. डोळे उघडेच असतात. हात मांडीखाली दाबून ठेवलेले. फार बोलत नाहीत.

“तिला सांग,” म्हणतात. “मी मागितलं होतं, उशिरा मागितलं, पण मागितलं होतं, एवढं तिला सांग.”

मग थांबतात. बाहेर कुणाचं तरी दार आपटतं, नळाला पाणी येतं, जातं. आत काहीच होत नाही. मास्तर आणखी थोडं थांबतात आणि पुन्हा विचारतात.

“सांगितलंस का?”