माश्यांचा उपास

आमच्या घरातून आजवर कुणी उपाशी गेलेलं नाही, आणि याच एका गुणापायी माझ्या मुलीची पीएचडी बुडायची वेळ आली.

मुलगी म्हणजे मुक्ता. ती पुण्याला फळमाश्यांच्या डोळ्यांवर संशोधन करते. (पिकल्या केळ्यांवर बसतात त्या चिमुकल्या माश्या. मी त्यांना जन्मभर पंच्याने हाकलत आलो, आणि माझी लेक त्यांच्या जिवावर डॉक्टर होणार!) संक्रांतीला ती इकडे माळव्यात, धारला घरी आली ती थर्माकोलचं खोकं छातीशी धरून. आत कापसाचे बोळे लावलेल्या सहा काचेच्या नळ्या आणि नळ्यांत माश्या. दोन दिवसांनी त्यांना इंदूरच्या एका प्रयोगशाळेत मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं होतं. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण या सहा नळ्यांवर अडलं होतं.

मी पीथमपूरच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी खात्यात काढली. पुढ्यात येईल तो दातेरी चक्राचा नग पास की नापास, एवढंच ठरवायचं. त्यामुळे कुठलीही गोष्ट मला अर्ध्यातच समजते, असा माझा समज आहे. माझी बायको सुनंदा म्हणते, तुम्हाला कुठलीही गोष्ट अर्धीच समजते.

चहा घेताना मुक्ताने मला सगळं नीट समजावलं. माशीच्या डोळ्यात शेकडो बारीक भिंगं असतात, प्रत्येक भिंगाखाली प्रकाश टिपणाऱ्या आठ पेशी. पेशीच्या एका कडेला ब्रशच्या केसांसारखे दाट तंतू असतात आणि त्यांत एक प्रथिन ठासून भरलेलं असतं. ते प्रकाश तर पकडतंच, शिवाय त्या ब्रशचा आकारही सांभाळतं. ते कमी पडलं की ब्रश हळूहळू खचतो.

"म्हणजे मांडवाचा बांबू काढल्यासारखं," मी म्हणालो.

मुक्ता खूश झाली. मला आणखी हुरूप आला. नळीच्या तळाशी पांढरट लगदा दिसत होता, म्हणून विचारलं, या खातात काय?

"यांना उपास आहे, बाबा. तीन पिढ्यांपासून. कारण ते प्रथिन तयार व्हायला..."

"समजलं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ता मैत्रिणीबरोबर बाग नावाच्या गावाला गेली. तिच्या मार्गदर्शक मॅडमसाठी तिथल्या ठशांच्या छपाईची साडी घ्यायची होती. जाताना बजावून गेली, की खोली उबदार ठेवा आणि नळ्यांना हात लावू नका. मी दिवा लावला, खुर्ची ओढली आणि पहाऱ्याला बसलो.

माश्या मलूल दिसत होत्या. एक बिचारी सारखी काचेवर आपटत होती. मला खरंच वाईट वाटलं. तीन पिढ्या! आमचं घराणं मराठी सरदारांच्या मागे धारला आलं त्याला आठ पिढ्या झाल्या, पण एका पिढीनेही कोरडा उपास केल्याचं ऐकिवात नाही. आमच्याकडे उपासाच्या दिवशी माणूस एरवीपेक्षा जास्त जेवतो. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, दाण्याची आमटी, वर फळं. आणि या मुक्या जिवांच्या ताटात नुसता पांढरा लगदा? मला वाटलं, आजकालच्या मुलींना उपासाला काय चालतं तेच माहीत नसतं.

त्या दिवशी चतुर्थी होती. सुनंदाने माझ्यासाठी अर्धी पपई कापून ठेवली होती. उपासाला चालते, माश्यांना आवडते, आणखी काय हवं?

पहिल्या नळीचा बोळा काढला आणि निम्म्या माश्या बाहेर पडल्या. मी खिडकीपाशी त्यांना ओंजळीत धरायला बघत होतो, तेवढ्यात शेजारचे चौहानभिया भिंतीवरून डोकावले आणि हे काय चाललंय म्हणून माळवीत विचारू लागले.

"कई करी रिया हो, भिया?"

"मक्खियों का उपवास छुड़वा रहा हूँ," मी म्हणालो. ते आत गेले आणि त्यांनी आपल्या खिडक्या लावून घेतल्या.

दुसऱ्या नळीपासून मला हातोटी जमली. आधी नळी हलकेच टेबलावर आपटायची, माश्या तळाशी गेल्या की पपई आत आणि बोळा घट्ट. तपासणी खात्याची सवय म्हणून पपई घातली की त्या नळीवर चिठ्ठी लावत गेलो: पपई अर्धा चमचा, सकाळी दहा वाजून पाच मिनिटं.

संध्याकाळी सुनंदाचं हळदीकुंकू होतं. सुटलेल्या माश्या नेमक्या वाणाच्या बोरांवर येऊन बसल्या. एका वहिनींनी पदर उचलला तशी सुनंदा धावली. "मारू नका हो, पीएचडीच्या आहेत!" त्यानंतर बायकांनी बोरांना हात लावला नाही.

तेवढ्यात मुक्ता आली. तिने चिठ्ठ्या वाचल्या आणि साडीची पिशवी तशीच खाली टाकली.

"बाबा, त्या प्रथिनाला अन्नातला केशरी रंग लागतो. गाजरातला, पपईतला. तोच आम्ही तीन पिढ्या बंद ठेवला होता."

हा तो उरलेला अर्धा भाग. लेकीचा पडलेला चेहरा बघून वाटलं, एकतीस वर्षांत जो नग नापास करायचा राहून गेला तो मीच.

तिने मॅडमना फोन लावला. मॅडमनी विचारलं, कधी दिली, किती दिली? मुक्ताने चिठ्ठ्यांवरचं वाचून दाखवलं. मग त्यांनी विचारलं, सगळ्या नळ्यांना दिली का?

मुक्ताने चिठ्ठ्या मोजल्या. "नाही, दोन तशाच आहेत."

पलीकडून मॅडम हसल्याचं आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. त्या म्हणाल्या, मग बिघडलं काय? दोन उपाशी, चार जेवलेल्या, आणि वेळही लिहिलेली. खचलेला ब्रश पुन्हा सावरतो का, हे बघायचंच होतं की.

मुक्ताने मला मिठी मारली. मग विचारलं, "पण दोन नळ्या सोडल्यात का?"

मी भिंतीकडे बघितलं. "पपई संपली."

"अर्धी होती," सुनंदा म्हणाली. "सहा नळ्यांना तीनच चमचे लागले असते."

"चतुर्थी होती," मी म्हणालो. "मलाही उपास होता."

इंदूरला बघितलं तर पपईवाल्या माश्यांच्या पेशींत प्रथिन पुन्हा भरलेलं होतं आणि ब्रशही सावरला होता. मुक्ता डॉक्टर झाली. प्रबंध घरी आला तेव्हा आभाराच्या पानावर माझं नाव बघून मी 'समजलं' म्हटलं, पान मिटलं आणि वडिलांच्या मदतीशिवाय हे संशोधन झालंच नसतं असं सांगत गल्लीभर पेढे वाटून आलो. घरी सुनंदा तेच पान उघडून बसली होती. तिने ओळ पुरी वाचून दाखवली: "आणि माझ्या वडिलांचे आभार, ज्यांनी दोन नळ्यांच्या वाटची पपई खाल्ली."